फिर्यादीची भाषा आणि तपासाचे शिक्षण : नाशिक येथील पोलीस प्रशिक्षणाच्या इतिहासातील एक प्रश्न

शब्दांचे अर्थ पालटतात, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवीन नाही. एखाद्या क्रियेचा कर्ताच पालटावा, अशी उदाहरणे मात्र विरळ. 'ॲट्रॉसिटी' हा शब्द गेल्या तीन-साडेतीन दशकांत मराठीत रुळला आणि रुळता रुळता त्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. मूळ शब्दाचा अर्थ अमानुष अत्याचार. अर्थात् तो करणारा तो आरोपी. परंतु नाशिक किंवा नगर जिल्ह्यातील एखाद्या गावच्या पारावर 'त्याने ॲट्रॉसिटी केली' असे वाक्य कानी आले, तर त्यातील 'तो' अत्याचार करणारा नसतो. ज्याच्यावर अत्याचार झाला आणि ज्याने ठाण्यात जाऊन फिर्याद दिली, त्याच्याविषयी ते वाक्य असते. 'लावली', 'टाकली', 'ठोकली' ही क्रियापदेही फिर्यादीच्याच पदरी पडतात. गुन्ह्याचे नाव गुन्हेगाराच्या कृतीवरून सुटून फिर्यादीच्या कृतीला चिकटले आहे.

या वाक्याचा पोलीस प्रशिक्षणाशी संबंध काय, असे कोणी विचारील. नाशिकला त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. राज्याचे नवे पोलीस उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक येथे तयार होतात. येथे येणारा तरुण हे वाक्य कानात घेऊनच येतो, कारण तोही याच भाषिक समाजातला. अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास त्याला शिकवावयाचा म्हणजे आधी काय शिकवावयाचे? कलमे पाठ होतात. शवविच्छेदनाचा अहवाल वाचावयासही शिकविता येते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, या वर्गातील खटल्यांचे भवितव्य बव्हंशी पहिल्या जबाबाच्या लेखनात ठरते, आणि ऐकलेले बोलणे न बदलता कागदावर उतरविण्याची विद्या हे तपासाच्या शिक्षणाचे मुख्य अंग होय. हे अंग मागे का पडले, ते समजण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जाणे प्राप्त आहे.

सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १९०२–०३ मध्ये हिंदुस्थानच्या पोलीस खात्याची चौकशी झाली. खाते अकार्यक्षम आहे, अशिक्षित आहे आणि लाचखाऊ आहे, असा त्या आयोगाचा एकंदर निष्कर्ष होता. प्रांतोप्रांती प्रशिक्षणाच्या शाळा काढाव्यात, या विचाराला त्यानंतर जोर आला. मुंबई इलाख्याची मध्यवर्ती पोलीस प्रशिक्षण शाळा १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्डे येथे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, सुरू झाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला हलली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. शाळा आणि खून यांचा परस्परसंबंध काही नाही. पण सरकारच्या दृष्टीने महत्त्वाचा तपास कोणता, हे त्या वर्षाने ठरवून टाकले. कट, गुप्त मंडळ्या, पिस्तुले यांच्या शोधात जेवढी बुद्धी खर्च झाली तेवढी गावकुसाबाहेरच्या माणसाच्या फिर्यादीवर व्हावी, अशी अपेक्षा त्या काळच्या राज्यकर्त्यांकडून करणेच व्यर्थ.

तपासाचा सारा डोलारा तीन कायद्यांवर उभा होता : १८६० चा दंडसंग्रह, १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता. या तिन्हींच्या दृष्टीने जखमी माणसाला देह होता, मालमत्ता होती, अब्रूही होती, जात नव्हती. अपमानाचे कलम होते ते ५०४. परंतु त्याचा रोख अपमानित माणसाच्या वेदनेकडे नव्हता. अपमानामुळे तो चिडून शांततेचा भंग करील काय, हा त्या कलमाचा प्रश्न. पिढ्यान् पिढ्या जो अपमान मुकाट्याने गिळत आला त्याच्यापासून शांततेला धोका कसला? ज्याला सर्वांत अधिक अपमान सोसावा लागे, त्याच्याच कामी हे कलम सर्वांत कमी येई.

एक गोष्ट जाता जाता. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि भिल्ली व खानदेशी बोलींचा भाग १९०७ मध्ये. पोलिसांची शाळा १९०६ ची. एकाच सरकारचे एक खाते या मुलुखातील माणसे कशी बोलतात ते टिपून घेत होते आणि दुसरे त्याच माणसांचे जबाब लिहिण्यासाठी अधिकारी घडवीत होते. या दोन उद्योगांची कधी गाठ पडली नाही.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे स्थानिक धुरीण. पंचवटीतले मंदिर आणि पोलिसांची शाळा एकाच शहरात. परंतु शाळेत शिकविल्या जाणाऱ्या कायद्यात या प्रसंगाला नाव नव्हते. दारे बंद ठेवणारा कोणताही गुन्हा करीत नव्हता. दारापाशी बसणारा मात्र शांततेच्या दृष्टीने संशयित ठरत होता. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यास झालेल्या धर्मांतराच्या घोषणेमागे जी अनेक कारणे होती त्यांत हा अनुभव होता, हे सांगावयास नको. पोलिसांच्या इतिहासापुरते एवढेच नोंदवावयाचे की, नाशिकच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या शिपायाने जे पाहिले ते गुन्हा म्हणून लिहिण्यासाठी त्याला शब्दच उपलब्ध नव्हता.

शब्द पुढे आले, क्रमाने आले. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई इलाख्याने हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा आणि मंदिरप्रवेशाचा, असे कायदे केले. १९५५ मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम झाला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. १९८९ मध्ये अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम संमत होऊन ३० जानेवारी १९९० पासून अंमलात आला, आणि त्याचे नियम १९९५ मध्ये निघाले. या मालिकेतील एक बारकावा विशेष लक्षणीय आहे. १९५५ च्या कायद्याच्या १२ व्या कलमात असे गृहीतक होते की, कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरून घडले असे न्यायालयाने मानावे, आणि तसे नसल्यास ते आरोपीने दाखवावे. १९८९ चा कायदा शिक्षेच्या दृष्टीने अधिक कडक. परंतु जातीच्या कारणासंबंधीचे असे गृहीतक त्यात नव्हते. जन्मठेपेपर्यंत नेणाऱ्या ३(२)(व्ही) या कलमात 'ती व्यक्ती अनुसूचित जातीची वा जमातीची आहे या कारणावरून' अशी शब्दयोजना होती. 'कारणावरून' या एका शब्दाने सिद्धतेचे सारे ओझे तपासी अंमलदाराच्या कागदांवर आणून ठेवले.

ते ओझे कागदांना पेलत नाही, याचा प्रत्यय लवकरच आला. महाराष्ट्रातूनच गेलेल्या मासूमशा मुसलमान यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले की, मृत व्यक्ती अनुसूचित जातीची होती एवढ्याने हे कलम लागू होत नाही. त्या कारणावरून कृत्य घडल्याचा पुरावा पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले व त्यांपैकी सहा जणांना फाशी सुनावली. पण अत्याचार प्रतिबंध अधिनियमाची कलमे सिद्ध झाली नाहीत. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा रद्द करून जन्मठेप दिली. कृत्यामागे सूड होता, आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात या कुटुंबातील स्त्रियांनी साक्ष दिल्याचा राग होता, असे न्यायालयाचे म्हणणे.

येथे व्याकरणाचा एक प्रश्न उभा राहतो. 'साक्ष दिली म्हणून मारले' आणि 'जातीने खालची असून साक्ष दिली म्हणून मारले' ही दोन वाक्ये परस्परांना छेदत नाहीत. पहिल्यातील 'म्हणून' दुसऱ्यातील 'असून' वर उभा असू शकतो. साक्ष देणारे कुटुंब गावातील बलिष्ठ जातीचे असते तर त्याचा असा शेवट झाला असता काय, हा प्रश्न विचारावयाचा कोणी आणि केव्हा? निकालाच्या टप्प्यावर न्यायाधीशापुढे कागदावर असते तेवढेच असते. जमावाने काय म्हटले, कोणते शब्द उच्चारले, याच्या नोंदी घटनेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच होऊ शकतात. नंतर केवढाही मोठा तपास यंत्रणा आणली तरी ते शब्द परत मिळत नाहीत. पुढे २०२१ मध्ये पाटण जमाल वली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'कारणावरून' याचा अर्थ एकमेव कारण असा घेऊ नये, अनेक कारणे एकत्र गुंतलेली असतात, असे प्रतिपादन केले. तत्पूर्वीच संसदेने २०१५ च्या दुरुस्तीने 'कारणावरून' काढून 'माहीत असताना' हे शब्द घातले होते, आणि आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल तर जात ठाऊक होती असे मानण्याचे गृहीतकही आणले होते. २६ जानेवारी २०१६ पासून ही दुरुस्ती लागू आहे. हेतूचा कायदा ज्ञानाचा झाला. एका प्रत्ययाच्या फरकाने किती आयुष्ये फिरतात, हे आमच्या व्याकरणाच्या तासाला सांगण्यासारखे आहे.

नाशिकच्या जवळची दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. १ जानेवारी २०१३ रोजी तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सोनई परिसरात सफाईकाम करणाऱ्या तीन तरुणांची हत्या झाली. खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला. उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते. २० जानेवारी २०१८ रोजी सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. शिक्षेचा पुढील प्रवास वरिष्ठ न्यायालयांतला. तो येथे प्रस्तुत नाही. हा खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा होता. प्रेतांचे अवशेष, हत्यारे, येण्याजाण्याच्या वेळा : वस्तू बोलत होत्या. त्याच जिल्ह्यात खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. तेथे माणसांनी बोलावयाचे होते. साक्षीदार एकामागून एक उलटले आणि २३ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. वस्तूंचा पुरावा गोळा करण्याची शिस्त शंभर वर्षांच्या प्रशिक्षणाने दिली, हे मान्य केले पाहिजे. माणसांच्या शब्दांचा पुरावा जपण्याची शिस्त तेवढी रुजली नाही. असा साक्षीदार आमच्या न्यायालयीन मराठीत 'फितूर' होतो. ज्याला त्याच गावात, त्याच रस्त्याने रोज चालावयाचे आहे त्याला शत्रूस मिळालेल्या किल्लेदाराचे विशेषण लावणे क्रूर आहे. परंतु भाषेत ते रूढ झाले आहे.

मग पहिला जबाब लिहिला कसा जातो? रचना सर्वत्र एकच : 'समक्ष पोलीस ठाण्यास हजर राहून फिर्याद देतो की', पुढे 'सदर इसम', पुढे 'वर नमूद ठिकाणी', आणि शेवटी 'माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरी आहे'. ही दफ्तरी मराठी टाकाऊ आहे, असे मुळीच म्हणावयाचे नाही; वेळ, स्थळ, दिशा, अंतर यांच्या नोंदीस ती उत्तम. परंतु बोलणे नोंदविण्याची वेळ आली की तीच भाषा बोलणे गिळून टाकते. फिर्यादीने सांगितलेले चार शब्द जातात आणि त्यांच्या जागी 'जातिवाचक शिवीगाळ केली' हे एक नाम येते. पुढे न्यायालयात सरकारी वकील विचारतात, 'कोणते शब्द?' साक्षीदार ते उच्चारतो. बचावाचे वकील जबाब पुढे करून दाखवितात की हे शब्द त्यात नाहीत, साक्षीदार आज प्रथमच वाढवून सांगत आहे. जे पहिल्या दिवशी खरेच सांगितले गेले, ते चार वर्षांनी कल्पित ठरते. याच्या उलट दोषही तितकाच घातक. काही ठाण्यांतील फिर्यादींत एकच ठराविक शिवी शब्दशः उतरलेली आढळते. मग न्यायाधीशास तो साचा वाटतो, आणि खरी फिर्यादही साच्यात बसून जाते.

शिवाय अपमानास जातीच्या नावाची गरजच असते असे नाही. 'तुम्ही लोक माजलात', 'पायरीने राहा', 'कालपर्यंत कुठे बसत होतात ते आठवा' : यांपैकी एकाही वाक्यात जात नाही, आणि प्रत्येक वाक्यात जातच आहे. २०१६ पासून लागू असलेल्या ३(१)(आर) या कलमात सार्वजनिक दृष्टीच्या टप्प्यात हेतुपुरस्सर केलेला अपमान येतो आणि ३(१)(एस) मध्ये जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ येते. ही दोन वेगळी कलमे आहेत. ज्याने 'माजलात' हे क्रियापद लिहून ठेवले त्यालाच पहिल्याचा आधार मिळेल. 'सार्वजनिक दृष्टी' या शब्दांचाही स्वतंत्र इतिहास आहे. स्वरणसिंग खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागा आणि सार्वजनिक दृष्टीतील जागा यांत भेद केला. घराच्या फाटकापाशी उच्चारलेले शब्द रस्त्यावरून ऐकू-दिसू शकतात म्हणून ते कायद्याच्या टप्प्यात आले. हितेश वर्मा खटल्यात (२०२०) चार भिंतींआडचे बोलणे टप्प्याबाहेर राहिले. तेव्हा पंचनामा लिहिणाऱ्याने ओट्यापासून रस्ता किती पावलांवर, तेथे कोण उभे होते, त्याला ऐकू आले की नुसते दिसले, हेही लिहिले पाहिजे. जुन्या पंचनाम्यात रक्ताचा डाग किती बोटे लांब ते असते. आवाज कुठवर पोचला ते नसते.

हा प्रश्न केवळ आमच्याकडचा नाही. रुआंडातील १९९४ च्या नरसंहाराचे खटले टांझानियातील अरुशा येथे बसलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे चालले. ताबा या विभागाचा प्रशासक अकायेसू याच्याविरुद्धचा निकाल २ सप्टेंबर १९९८ रोजी लागला. नरसंहाराच्या गुन्ह्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने केलेली ती पहिली दोषसिद्धी. साक्षी किन्यारवांडा भाषेत होत, तेथून फ्रेंचमध्ये व तेथून इंग्रजीत जात. न्यायाधिकरणाने भाषाशास्त्राचे प्राध्यापक मथायस रुझिंदाना यांना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून ऐकले. 'इन्येन्झी' म्हणजे कोशात झुरळ; १९९४ मध्ये ते कोणाला उद्देशून होते, हे त्यांनी उलगडून सांगितले. बलात्कारासाठी साक्षीदार जे निरनिराळे शब्द वापरीत त्यांचाही विचार निकालपत्रात झाला आहे. आणखी एक मुद्दा आमच्या विशेष कामाचा. तोंडी परंपरेत वाढलेला माणूस पाहिलेले आणि ऐकलेले एकाच ओघात सांगतो. परंतु नीट विचारले असता तो दोहोंतला भेद बरोबर जाणतो, असे तेथे दिसून आले.

मराठीने तर या भेदासाठी शब्दच राखून ठेवला आहे. 'त्याला विहिरीकडे नेला' आणि 'त्याला विहिरीकडे नेला म्हणे' यांतला 'म्हणे' सांगतो की हे मी पाहिलेले नाही. शेतमजूर बाई जबाब देताना हा शब्द न चुकता वापरते. लिहिणाऱ्यास तो फालतू वाटतो, तो गळतो. ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होऊन बसते, आणि उलटतपासणीत त्याच एका वाक्यावर बाईची सारी साक्ष ढासळते. खोटे कोणीच बोलले नव्हते. नाशिक जिल्ह्यात या अडचणीला आणखी एक पदर आहे. बागलाण-मालेगावकडे अहिराणी, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा, इतरत्र भिल्ली आणि वारली. यांतून दफ्तरी मराठीत जबाब आणणे हे भाषांतरच होय, आणि ते भाषांतर आहे याची नोंद कागदावर क्वचित असते.

कायद्याला याची चाहूल उशिरा का होईना लागली. १९९५ च्या नियमांतील ७ व्या नियमाने तपास उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याकडे देऊ नये असे ठरविले, आणि त्याची निवड करताना अनुभवाबरोबर प्रकरणाचे मर्म ओळखण्याची त्याची कुवत व न्यायबुद्धी पाहावी असेही म्हटले. खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केलेल्या तपासावर या अधिनियमाखालील आरोप टिकत नाही, असे चुन्नीलाल खटल्यात (२००९) ठरले. तथापि दर्जाच्या या आग्रहात एक विसंगती राहून गेली. उपअधीक्षक घटनास्थळी पोचतो तोवर फिर्याद ठाणे अंमलदाराने लिहून झालेली असते. सरकारी वकील तर त्याहून उशिरा येतो. नियमांनी त्याच्यासाठी सात वर्षांच्या वकिलीची अट आणि जिल्हास्तरीय आढाव्याची तरतूद केली, परंतु त्याच्या हाती येतो तो दुसऱ्याने लिहिलेला कागदच. माझ्या मते वकिलाचे प्रशिक्षण त्या कागदाच्या वाचनापासून सुरू व्हावे. कोठे नामाने क्रियापद गिळले, कोठे 'म्हणे' गळला, हे दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी ज्याला दिसते तो पुरवणी जबाब मागू शकतो, आणि दंडाधिकाऱ्यापुढे जबाब नोंदविण्याची विनंती करू शकतो. साक्षीच्या दिवशी दिसले तर उपयोग नाही.

२०१५ च्या दुरुस्तीने ४ थे कलम नव्याने लिहिले. त्यातील कर्तव्यांची यादी भाषेच्या अभ्यासकाने मुळातून वाचावी अशी आहे : तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती फिर्यादीस वाचून दाखविणे, तिची प्रत देणे, जबाब नोंदविणे, आणि दस्तऐवज अचूक तयार करून त्याचे अचूक भाषांतर करणे. हे बुद्धिपुरस्सर टाळणाऱ्या लोकसेवकास कारावासाची शिक्षा आहे. २० मार्च २०१८ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची वाट दाखविली. ते प्रकरणही महाराष्ट्रातलेच, कराडचे. संसदेने त्याच वर्षी १८-ए हे कलम घालून ती अट दूर केली आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ते कलम वैध ठरविले. या वादाने वर्तमानपत्रांचे रकाने भरले. वाचून दाखविण्याच्या कर्तव्यावर मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. जुलै २०२४ पासून नव्या संहिता आल्या, कलमांचे क्रमांक बदलले. लेखणी कोणाच्या हाती, हे बदललेले नाही.

भाषांतराचा प्रश्न तर अपिलात पुन्हा उपस्थित होतो. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी, उच्च न्यायालयाची इंग्रजी. ठाण्यात जर 'माजलात' हा शब्द जसाच्या तसा लिहिला गेला, सत्र न्यायालयात टिकला, तरी मुंबईस वा नागपुरास जाताना त्याचे इंग्रजी व्हावेच लागते. गाय माजावर येते, पोळ माजतो. माणसाला हे क्रियापद लावणारा त्याला कोणत्या पंक्तीत बसवितो ते मराठी ऐकणाऱ्यास सांगावे लागत नाही. अनुवादाच्या कागदावर त्याचे 'ॲरोगंट' होते. जनावर त्यातून निघून जाते, आणि न्यायमूर्तींपुढे उरतो तो दोन शेजाऱ्यांच्या भांडणातला साधा उर्मटपणाचा आरोप.